उवा परत परत का होतात? आधी सापडलेली ऊ नीट बघा, मग औषध बदला

औषध आणलं, लावलं, फणीने विंचरून पेपरवर मेलेल्या उवा पाडल्या, सगळे खुश, आणि दोनतीन आठवडे झाले नाहीत तोवर पोरगी अभ्यासाला बसली की परत कानामागे खाजवतेय. मग दुसरी बाटली, मग जाऊबाईंनी सांगितलेलं तेल, मग कुणीतरी म्हणतंच की अगं सरळ बॉयकट करून टाक. ज्यांच्या घरी हे चक्र चालू आहे त्यांच्यासाठी लिहितेय. पहिल्यांदाच झाल्या असतील तरी वाचा, पण मुख्य भानगड परत परत होणाऱ्या उवांची आहे.

माझं म्हणणं असं की उवा परत दिसल्या की लगेच औषधाला शिव्या घालायच्या नाहीत. पांढऱ्या कागदावर एक ऊ पाडायची आणि बघायचं की ती केवढी आहे, किती जोरात पळतेय आणि औषध लावून किती दिवस झालेत. एवढ्यावरून घोळ कुठे झालाय ते बऱ्यापैकी कळतं, आणि प्रत्येक घोळाचा उपाय वेगळा आहे, म्हणूनच एकच औषध तीनदा लावून काही होत नाही.

यासाठी उवेचं टाइमटेबल माहीत पाहिजे. मादी केसाच्या मुळाशी, कातडीपासून अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास, लिखा चिकटवते, दिवसाला आठेक. तिथेच का, तर डोक्याची ऊब मिळते. लीख फुटायला साधारण आठवडा लागतो, कधी नऊदहा दिवस. त्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम एक मिलिमीटरचं असतं, नजरेला पटकन दिसत पण नाही, ते रक्त पीत पीत तीनदा कात टाकतं आणि नऊ ते बारा दिवसांत पूर्ण वाढतं. मोठी ऊ म्हणजे दोन ते तीन मिलिमीटर, तिळाएवढी धरा. मग ती अंडी घालायला लागते आणि डोक्यावर महिनाभर आरामात जगते. तिला पंख नाहीत, उड्या मारता येत नाहीत, ती फक्त चालते, पण सहाही पायांना आकडे असल्याने केसावर चालण्यात एकदम तरबेज. आणि डोक्यावरून खाली पडली की रक्त मिळत नाही म्हणून एकदोन दिवसांत मरते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, गाद्या धुण्याच्या वेळी कामाला येईल.

आता एकेक प्रकार घेऊ.

आठवडा-दहा दिवसांनी बारीक पिल्लं दिसतायत

ही सगळ्यात कॉमन केस आणि सगळ्यात सोपी. औषधाने चालत्या उवा मेल्या, लिखा वाचल्या आणि त्या आता फुटल्या. आपल्याकडे मेडिकलमधे सहज मिळतं ते परमेथ्रिन १ टक्का वालं लोशन किंवा क्रीम, ते उवांना मारतं पण लिखांना नीट मारत नाही. म्हणून त्याचा दुसरा डोस नवव्या-दहाव्या दिवशी द्यावाच लागतो, डोक्यात काही दिसो न दिसो. तेव्हापर्यंत जवळपास सगळ्या लिखा फुटलेल्या असतात आणि निघालेली पिल्लं अजून अंडी घालायच्या वयाची झालेली नसतात. दुसरा डोस चौथ्या दिवशी दिला तर फुटायच्या बाकी लिखा निसटतात, आणि तीन आठवड्यांनी दिला तर नवीन पिढीने आपल्या लिखा घालून पण झालेल्या असतात. पत्रकावर दुसऱ्या डोसचं लिहिलेलं असतं हो, पण ते मुंगीएवढ्या अक्षरात, आणि पहिल्या दिवशी एवढ्या उवा पडलेल्या बघून वाटतं की झालं काम, बाटली वर फळीवर जाते आणि विषय संपतो.

तर पहिला डोस दिला त्याच दिवशी कॅलेंडरवर नववा दिवस गोल करून ठेवा. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूधवाल्याचे खाडे लिहितो तसं "उवा २" लिहून ठेवलं तरी चालेल, पाहुण्यांना कळायची भीती असेल तर नुसता २ लिहा.

दुसऱ्याच दिवशी मोठ्या उवा जोरात पळतायत

इथे थोडं थांबून बघायला लागतं. औषध लावल्यावर आठ ते बारा तासांनी काही उवा जिवंत दिसल्या पण मंद झाल्यात, लडखडतायत, तर औषध काम करतंय, परत लावू नका, फणीने काढून टाका. पण एक पण मेलेली नाही आणि सगळ्या पहिल्यासारख्याच पळतायत तर मग दोन शक्यता आहेत, एक तर औषध नीट लागलं नाही, नाहीतर उवांना त्या औषधाची सवय झालीय.

आधी पहिली शक्यता तपासा कारण आपल्याकडे तीच जास्त असते. आपल्या मुलींच्या डोक्यात तेल असतं. शनिवारी चंपी, रविवारी त्याच तेलकट केसांवर औषध, आणि ते औषध केसापर्यंत पोचतच नाही. परमेथ्रिन लावायच्या आधी साध्या शॅम्पूने तेल पूर्ण काढायचं, कंडिशनर लावायचं नाही आणि टू-इन-वन शॅम्पू पण नको कारण त्यात कंडिशनर असतंच. मग टॉवेलने केस टिपायचे, ओले टपटप असतील तर औषध पातळ होतं. मग मुळापासून लावायचं, मुख्य म्हणजे कानामागे आणि मानेवर, आणि घड्याळ लावून दहा मिनिटांनी धुवायचं. पत्रकावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. जास्त वेळ ठेवलं, रात्रभर फडकं बांधून ठेवलं, तर जास्त मरतात असं काही नाही, कातडी मात्र जळजळते. पुढचे एकदोन दिवस केस धुवायचे नाहीत. आणि कंबरेपर्यंत दाट केस असतील तर एक छोटी बाटली पुरत नाही हे मान्य करा, दोन मुलींत एक बाटली वाटून लावली की दोघींना अर्धवट लागतं. धुताना मुलीला बाथरूममधे आंघोळीला बसवू नका, बेसिनवर किंवा मोरीत वाकवून डोकंच धुवा, म्हणजे औषध अंगभर ओघळत नाही.

हे सगळं बरोबर केलं होतं आणि तरी उवा ठणठणीत? मग औषधाची सवय झालीय असं समजा. परमेथ्रिन उवेच्या नसांवर काम करतं, आणि जगभर बऱ्याच ठिकाणच्या उवांमधे तिथेच असा बदल झालाय की औषध नीट लागू पडत नाही. अशा वेळी तेच औषध तिसऱ्यांदा लावणं म्हणजे पैसे पाण्यात. त्याच जातीचं दुसऱ्या नावाचं पण नको, म्हणून बाटलीवरचं नाव नाही तर मागचा घटक वाचायची सवय लावून घ्या. वेगळ्या प्रकारचं म्हणजे डायमेथिकोन, हे सिलिकॉनसारखं असतं, उवेवर थर बसवून तिला मारतं, नसांशी संबंध नाही त्यामुळे सवय होण्याचा प्रश्न फारसा येत नाही, ते पण आठवड्याने परत लावायचं. आयव्हरमेक्टिन पण आहे, लोशन किंवा गोळी, पण गोळी डॉक्टरांनी वजन बघून द्यायची, १५ किलोच्या खालच्या मुलांना आणि गरोदर बाईला देत नाहीत, शेजारणीकडे उरलेली अर्धी गोळी आणून द्यायचा प्रकार अजिबात नको. आणि खरजेचं ५ टक्के परमेथ्रिन क्रीम घरात पडलंय, ते पाचपट स्ट्राँग म्हणून डोक्याला चोपडू, असं पण मनाने करू नका.

महिनाभर डोकं स्वच्छ होतं आणि अचानक मोठ्या उवा

पिल्लं न दिसता एकदम मोठी ऊ दिसली, दोन्ही डोस वेळेवर झाले होते, मधे तपासलं होतं तेव्हा डोकं साफ होतं, तर ती ऊ बाहेरून चालत आलीय. प्रश्न एवढाच की कुणाच्या डोक्यावरून. आपण लगेच शाळेकडे बोट दाखवतो, नाहीतर कामवाल्या मावशींकडे. मावशींचं तर मला आता ऐकवत पण नाही. उवेला चालत जायला डोक्याला डोकं लागावं लागतं, आणि मावशी आपल्या मुलीच्या डोक्याला डोकं लावून कधी बसतात? भांडी घासताना? उलट तुमच्या पोरीची वेणी घालून देताना त्यांच्याच डोक्यात जायची शक्यता जास्त. खरी ठिकाणं म्हणजे एका मोबाईलवर तीन डोकी, स्कूलव्हॅनमधे मांडीवर मांडी, भरतनाट्यमच्या क्लासमधे मेकअप करताना, आणि मे महिन्यात मामाच्या गावी हॉलभर घातलेल्या गाद्यांवर आठदहा पोरं आडवी तिडवी. जूनमधे शाळा उघडली आणि उवा दिसल्या की शाळेला दोष, पण त्या गावाहून पण आलेल्या असू शकतात. कारण पहिल्यांदा उवा झालेल्या मुलाला खाज सुटायलाच चार ते सहा आठवडे लागू शकतात. खाज म्हणजे उवेच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते, शरीराला ती ओळखायला वेळ लागतो. म्हणजे पोरगी खाजवायला लागली त्या दिवशी उवा आल्या नाहीत, त्या महिनाभर राहतायत.

आणि यातूनच सगळ्यात मोठा घोळ होतो. घरात ज्याला खाज नाही त्याचं डोकं कुणी बघत नाही.

माझ्या मावसबहिणीचं घर सांगलीला, तिच्या दोन्ही मुलींना शाळा सुरू झाल्यापासून उवा, दोघींचे केस कानाच्या वर कापले, औषधं बदलून झाली, डॉक्टर झाले, तरी महिन्या-दीड महिन्याने परत. मुली झोपतात आजीच्या दोन्ही बाजूला, आजीला गच्च धरून. आजीचा चांगला मोठा अंबाडा, कधी खाजवताना कुणी बघितलं नाही, आणि सासूचं डोकं तपासायचं कसं, बोलायचं तरी कोणत्या तोंडाने. बहीण सासूबाईंना आत्या म्हणते. तिने एकदा दुपारी तेलाची वाटी घेऊन "आत्या, आज तुमच्या केसांना मी तेल लावते, उन्हाळ्याने किती कोरडे झालेत बघा" असं म्हणून गॅलरीत उजेडाला बसवलं आणि बारीक फणी घातली. पहिल्याच फणीला तीन निघाल्या. सासूबाई जरा वरमल्या, मग स्वतःच म्हणाल्या, "अगं मग आता मला पण ते पोरींचं औषध लाव की, मला काय झालंय." त्या रविवारी घरातल्या सगळ्यांची डोकी एकत्र केली आणि मग ते चक्र तुटलं. सांगायचं कारण असं की ज्येष्ठ बाईला "तुमच्या डोक्यात उवा असतील" म्हणायची गरज नाही, तेल लावून देते म्हणा, कोणत्याच आजीने याला नाही म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

तर नियम असा: एकाच्या डोक्यात सापडली की त्याच दिवशी घरातली सगळी डोकी बघायची, बाबा धरून, आणि ज्यांच्या डोक्यात जिवंत ऊ आहे त्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध. एकाच अंथरुणात झोपणाऱ्यांना तर बरोबरच करून टाका. आज मोठीचं, पुढच्या रविवारी धाकटीचं, असं हप्त्याने केलं की उवा आलटून पालटून राहतात. टक्कल असलेले काका सुटले, दाढीची काळजी नको. कुत्रं मांजर पण सुटलं, माणसाच्या डोक्यातली ऊ त्यांच्यावर राहत नाही.

ऊ एकही नाही, नुसत्या पांढऱ्या लिखा दिसतायत

कातडीपासून किती लांब आहेत ते बघा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि लीख केसाला चिकटलेलीच राहते, केसाबरोबर वर सरकत जाते. म्हणजे दोन बोटं वर असलेली पांढरी चमकणारी लीख ही दोनतीन महिन्यांपूर्वीची रिकामी टरफलं आहेत, त्यांना औषध कशाला? मुळाशी अर्ध्या सेंटिमीटरच्या आतल्या, करड्या-तपकिरी, भरलेल्या दिसणाऱ्या लिखा असतील तर मात्र खाली सांगितलेला फणीचा प्रोग्रॅम चालू ठेवायचा. आणि जे नखाने ओढल्यावर केसावरून सहज सरकतं ते लीख नाहीच, तो कोंडा किंवा केसाभोवतीची कातडीची नळी. लीख सरकत नाही, ती सिमेंट लावल्यासारखी बसलेली असते. कोंड्याला उवांचं औषध लावत बसलेले लोक मी पाहिलेत, कोंडा बिचारा कसा मरणार.

तसंच, औषधानंतर आठवडाभर, कधी जास्तच, खाज राहते. नुसती खाज आहे म्हणून दुसरा डोस लवकर देऊ नका. जिवंत ऊ दिसली तरच ते प्रकरण चालू आहे.

फणी, म्हणजे खरं काम

औषध फेल गेलं असो, घरात तान्हं बाळ असो, कुणी गरोदर असो, किंवा केमिकल नकोच असेल, ओल्या केसांवर फणी हा उपाय सगळ्यांना चालतो. वेळखाऊ आहे हे खरंय. कोरड्या केसांत फणी घातली की उवा पळतात, ओल्या आणि गुळगुळीत केसांत त्या जागच्या जागी थांबतात, म्हणून केस धुवून भरपूर कंडिशनर लावायचं, इथे कंडिशनर पाहिजेच, आपल्याकडे खोबरेल तेल पण चालतं. आधी मोठ्या कंगव्याने गुंता काढा नाहीतर पोरगी पहिल्या झटक्यालाच उठून जाईल. मग केसांचे क्लिप लावून चारसहा भाग करा, एकेक पातळ बट घेऊन फणी कातडीला टेकवून टोकापर्यंत एका दमात ओढा, आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या टिश्यूवर पुसा. टिश्यूवर काय आलं ते बघायचं, नुसतं झटकायचं नाही. कानामागे आणि मानेवर दोनदोनदा.

फणी कोणती? आपली जुनी दोन्ही बाजूंनी दातांची फणी मोठ्या उवांना उत्तम आहे, पण प्लास्टिकचे दात थोड्या दिवसांत फाकतात आणि मग पिल्लं आरपार जातात. लांब स्टीलच्या दातांची, दात एकमेकांना एकदम चिकटून असलेली फणी घ्या, ती लिखा पण ओढते. जाता जाता एक गंमत, इस्राएलमधे लाखीश नावाच्या जुन्या शहराच्या उत्खननात हस्तिदंताची एक फणी सापडली, साधारण ३७०० वर्षांपूर्वीची, एका बाजूला जाड दात, एका बाजूला बारीक, अगदी आपल्या आजीच्या फणीसारखी. तिच्यावर कोरलेलं वाक्य २०२२ मधे जाहीर झालं, आणि त्यात मागणं काय, तर या दाताने केसातल्या आणि दाढीतल्या उवा निघून जावोत. कनानी लिपीतलं सापडलेलं सगळ्यात जुनं पूर्ण वाक्य म्हणतात ते हे. तेव्हा आपल्याच घरात उवा कशा म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

दिवस कसे धरायचे: पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा दिवस फणी, आणि सतराव्या दिवशी चेक. चार-चार दिवसांचं अंतर यासाठी की मधल्या काळात फुटलेलं कुठलंच पिल्लू अंडी घालायच्या वयाला पोचायच्या आत निघतं. आपण काय करतो, पहिल्या दिवशी दोन तास जीव तोडून विंचरतो, दुसऱ्या दिवशी हात दुखतो, मग एकदम पंधरा दिवसांनी. त्यापेक्षा प्रत्येक वेळी अर्धाच तास पण ठरलेल्या दिवशी. टीव्हीसमोर बसवा, मालिका किंवा कार्टून लावून द्या, तिला पण त्रास कमी. मधे एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी करा, आणि मधे मोठी ऊ सापडली तर मोजणी परत पहिल्यापासून.

घरगुती उपाय, यातले काही खरंच धोक्याचे

खोबरेल तेलाने उवा गुदमरून मरतात म्हणतात. उवा श्वास बराच वेळ बंद ठेवू शकतात, पाण्यात तासन्‌तास बुडवल्या तरी जगतात, त्यामुळे नुसत्या तेलावर भरवसा नको, पण फणीसाठी तेल मस्त. कडुलिंबाचा पाला उकळून डोकं धुतल्याने नुकसान नाही, उवा सगळ्या जातील अशी आशा पण नको. व्हिनेगरने लिखा सुटतात हे मी करून बघितलं, माझ्या मते तरी फणीनेच सुटतात, व्हिनेगरने घरभर वास सुटतो.

पण सीताफळाच्या बियांची पूड. हा उपाय आपल्याकडे फार चालतो, सीझनमधे बिया वाळवून ठेवणाऱ्या बायका मला माहीत आहेत, आणि त्याने उवा मरतात पण. प्रॉब्लेम असा की ती पूड डोळ्यात गेली की बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला जखम होते, प्रचंड दुखतं, डोळा लाल होऊन उघडत नाही. भारतातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी अशा पेशंटच्या नोंदी मेडिकल जर्नलमधे लिहिलेल्या आहेत. डोकं धुताना पाणी चेहऱ्यावरून वाहणारच, लहान मूल डोळे चोळणारच. केमिकल नको म्हणून जे लावतोय ते डोळ्याला केमिकलपेक्षा वाईट निघतं. आधीच लावून झालं असेल आणि डोळ्यात गेलं तर भरपूर साध्या पाण्याने पंधरावीस मिनिटं धुवत राहा आणि तसंच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, गुलाबपाणी-बिलाबपाणी घालत बसू नका.

तेलात कापूर घालून लावणं पण तसंच. कापूर पोटात गेला तर छोट्या मुलांना अगदी थोड्याशा कापराने फिट येऊ शकते आणि तो कातडीतून पण आत जातो, तेव्हा लहान मुलांच्या डोक्याला नको. रॉकेल तर विषयच नको, कातडी सोलवटते आणि किचनमधे गॅस चालू असेल तर काय होईल सांगायला नको. झुरळ-मुंग्यांचा खडू, ढेकणाचा स्प्रे, शेतातली पावडर, हे डोक्यावर लावणारे लोक अजून आहेत, आणि जुन्या काळचं गॅमा बेंझीन हेक्झाक्लोराइडचं लोशन कुणाच्या कपाटात असेल तर फेकून द्या, ते मुलांच्या मेंदूला आणि नसांना घातक ठरलेलं आहे.

टक्कल केलं की उवा जातात हे बरोबर आहे, पण मुलगी शाळेत जाणारी असेल तर तिच्यासाठी ती शिक्षा होते, आणि दुसऱ्या कुणाच्या डोक्यात असतील तर केस बोटभर वाढले की परत. लांब केस घट्ट वेणीत बांधलेले असले तर उलट दुसऱ्यांच्या केसांना कमी लागतात.

गाद्या, उशा, साफसफाई

यावर फार वेळ घालवू नका. पडलेली ऊ दोन दिवसांच्या वर जगत नाही. औषधाच्या आधीच्या दोन दिवसांत वापरलेले अभ्रे, चादरी, टॉवेल, ओढण्या, स्कार्फ गरम पाण्यात धुवून कडक उन्हात टाका, कंगवे-फण्या हाताला चटका बसेल इतक्या गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवा. जी गोधडी धुता येत नाही ती दोन आठवडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. सोफ्यावर व्हॅक्यूम नाहीतर झाडू. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावू नका, गादीवर स्प्रे मारू नका. सगळा शनिवार-रविवार गाद्या उन्हात टाकण्यात गेला आणि फणीला वेळ उरला नाही असं बऱ्याच घरांत होतं.

डॉक्टरकडे कधी

खाजवून खाजवून डोक्यात फोड आले, पू आला, खपल्या धरल्या, ताप आहे, किंवा मानेवर मागच्या बाजूला गाठी लागतायत तर दाखवा. मानेवरच्या गाठी बघून बरेच आईबाप टीबीपर्यंत पोचतात, बऱ्याचदा त्या डोक्यातल्या जखमा पिकल्यामुळे सुजलेल्या असतात, पण ते डॉक्टरांनाच ठरवू दे. दोन वर्षांच्या आतलं मूल, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई, दमा किंवा कातडीचे विकार असलेलं मूल, यांना औषध विचारून. आणि दोन वेगळ्या प्रकारची औषधं वेळापत्रकाने, बरोबर पद्धतीने, सगळ्या घराला लावून पण मोठ्या उवा जिवंत असतील तर स्किनच्या डॉक्टरांकडे जाताना औषधांची खोकी आणि कुठल्या तारखेला काय लावलं ते लिहून न्या, त्यांचा अर्धा वेळ वाचतो.

एक मात्र, डोक्यातल्या उवांनी रोग पसरत नाही. टायफससारखे आजार पसरवणारी ती कपड्यातली ऊ, ती वेगळी. त्यामुळे मुलीला शाळेतून आठवडाभर घरी ठेवायची गरज नाही, पहिला डोस झाला की दुसऱ्या दिवशी वेणी घट्ट घालून पाठवा.

आणि तो मेसेज

शाळेच्या किंवा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायचं की नाही यावर घरात वाद होतात, लोक काय म्हणतील म्हणून. उवांना स्वच्छ केस आणि घाण केस यातला फरक कळत नाही, रोज धुतलेल्या डोक्यात पण त्या तितक्याच आनंदाने राहतात, पण हे लोकांना पटवत बसायला वेळ नसतो हे पण खरं. माझ्या मते कळवावं, कारण न कळवल्याने ज्या मैत्रिणीबरोबर पोरगी रोज खेळते तिच्या डोक्यात तशाच राहतात आणि महिन्याने परत आपल्याकडे. कुणाचं नाव न घेता, माफी न मागता, एवढंच टाका: "मुलींच्या ग्रुपमधे उवा दिसल्यात. या रविवारी सगळ्यांनी आपापल्या मुलांची आणि घरातल्या मोठ्यांची डोकी ओल्या केसांवर बारीक फणीने तपासून घ्या. जिवंत ऊ सापडली तर औषध रविवारीच लावा आणि दुसरा डोस नवव्या दिवशी, म्हणजे पुढच्या रविवारनंतरच्या सोमवारी विसरू नका." शुक्रवारी संध्याकाळी टाका, म्हणजे शनिवारी लोकांना फणी आणि औषध आणायला वेळ मिळतो. सोमवारी सकाळी टाकलात तर दहाबारा अंगठे येतात आणि रविवारपर्यंत सगळे विसरलेले असतात.